सौर उपकरण, एक नग

तिसरी नोटीसही मीच टाइप केली.
हेरॉन पॉइंट, फ्लोरिडा. घर क्रमांक चाळीस.
ओडालिस केसाडा यांस:
मागील अंगणात दोरी. दोरीवर कपडे.
रस्त्यावरून दिसतात.
दंड, दिवसाला पंचवीस डॉलर.
खाली सही, मर्ल टॅगार्ट, सचिव.
हात थरथरला वगैरे नाही;
बत्तीस वर्षं विमा कंपनीत
मी 'नामंजूर' लिहीत आलो होतो.

आमच्या कॉलनीत सगळं ठरलेलं असतं.
भिंतींचे रंग तीन: वाळू, ओली वाळू, शिंपला.
गवताची उंची बोटांनी मोजलेली.
करकोचे तेवढे विनापरवाना फिरतात,
आणि तळ्यातली मगर.
तिला अजून कोणी पत्र धाडलेलं नाही.

बाई सभेला आल्या नाहीत, रात्रपाळी होती.
पाकिटातून एक कागद आला,
राज्याच्या कायद्याचं पान, झेरॉक्स जरा तिरकी.
रहिवाशाला उन्हावर चालणारी साधनं लावता येतील,
कुठल्याही सोसायटीचा करार आड येणार नाही.
साधनं म्हणजे छपरावरची पॅनेलं, अमुक, तमुक,
आणि (हिरव्या शाईची रेघ इथे होती)
कपडे वाळत घालायची दोरी.

डग्लस मोठ्याने हसला.
वकिलाने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
म्हणाला, "दोरी आहे खरी."
मग बराच वेळ फक्त एसी बोलत होता.

घरी आलो तर ड्रायर फिरत होता,
शर्टाचं बटण आतून टकटक करत होतं.
माझी आई तोंडात लाकडी चिमटे धरून रागवायची.
तिचा राग मला कधी नीट ऐकूच आला नाही.

सकाळी कागद 'उल्लंघन'च्या खणातून काढून
'उपकरणं'च्या खणात ठेवायचा होता.
त्या खणाचा एक फॉर्म असतो,
पॅनेलांसाठी छापलेला. भरावाच लागतो.
मी चाळीस नंबरच्या कुंपणाशी उभा राहिलो.

प्रकार: सौर.
लांबी: अंदाजे बावीस फूट, मध्ये झोळ.
क्षमता: दोन चादरी, नर्सचे निळे कपडे दोन जोड,
मोजे सात.
(सातच. दोनदा मोजले.)
आवाज: वारा असेल तेवढा.
हलणारे भाग: सगळेच.
परवानगी देणाऱ्याचे नाव:
इथे मी आडवी रेघ मारली.

तेवढ्यात तळ्यापलीकडून ढग चढून आले,
इथल्या दुपारींना हे रोजचंच.
बाई आत झोपलेल्या.
एका चादरीचं टोक माझ्या हाताच्या अंतरावर होतं,
पण कपडे काढायचा अधिकार
मला कुठल्याच कलमाने दिलेला नाही.

म्हणून कुंपणाच्या अलीकडूनच
हाक मारली,
मग आणखी एक, जरा मोठ्याने.