ळ कुठे बसतो

साखर पेठ. रात्रीचे दोन, पंख्यालाही घाम.
चारशे अकरा चाचण्या हिरव्या, एक लाल :
सॉर्टनं कल, कवठ, कहर लावून
कळ पार शेवटी ढकललीय.
मी प्रोग्राम उसवत बसले.

आई जागीच, मांडीवर सूप.
‘फर्मा झिजलाय त्यांचा,
आणि चाळीस विड्या छाट माझ्या.’

हात थांबला.
पुटपुटले शाळेतलं : श ष स ह
आणि मग ळ.
‘आमच्या तेलुगूतही तसंच,’ तिनं न विचारता सांगितलं.

अपेक्षित निकालाची फाईल उघडली.
गेल्या मार्चात, घाईत,
मीच लिहिलेली.
कळ दोन ओळी खाली नेली.
हिरवं.

त्या चाळीस विड्या
कुठल्या फाईलीत दुरुस्त करू?