खोडलेलं

मे महिना. धरमपेठेतली माझी खोली,
कुलरच्या वाळ्याचा ओला वास.
रुणाली पराते, दहावी, अजनीचं रेल्वे क्वार्टर.
एकशे वीस विधानं:
आवडतं, नावडतं, सांगता येत नाही.

आलेख निघाला सपाट,
कस्तुरचंद पार्कसारखा.
बाहेर आई, मांडीवर फाईल:
‘सायन्स की कॉमर्स, तेवढंच सांगा.’

मी पत्रिका ट्यूबलाइटसमोर धरली.
सत्तेचाळिसाव्या ओळीत कागद विरलेला.
‘अवजड यंत्र एकट्यानं चालवणं.’
तीनदा खूण,
तीनदा रबर.
आता बोट लावलं तर आरपार जाईल.

उत्तरसूची चाळली.
विरलेल्या कागदाला गुण नाहीत.

‘मॅडम, खोडलेलं बी मोजता का जी?’

नाही, म्हणाले, नियमात बसत नाही.
आणि कोरी पत्रिका काढून दिली.
रबर तेवढं खणात टाकलं.