यादीत नसलेलं पुस्तक

मार्च संपता संपता मी यादी करतो
वीजबिलाच्या पाठीवर.
यंदा नऊ पुस्तकं होती :
गलबतांचा इतिहास, दोन खंडांत,
गवतांवरचं एक सचित्र,
आणि ती जाड रशियन कादंबरी
जी सहा उन्हाळे पान चाळीसवर
माझी वाट बघत उभी आहे.

चिरमुले बाईंनी चष्म्यावरून यादी वाचली,
मग मला वाचलं.
"एवढं सगळं मे महिन्यात? जेवणार कधी?"
एकला पाच कमी होते.
त्यांनी पंखा बंद केला.
सदाशिव पेठेत याचा अर्थ विचारायचा नसतो.

हाताला लागलं ते घेऊन बाहेर पडलो.
खाकी कव्हर, उसवलेली शिवण,
वजनमापे खात्यातल्या कुणा घैसासांच्या आठवणी.
चौतीस वर्षं बाजारोबाजार तराजू तपासत हिंडलेला माणूस.

ते वाचलं एरंडवण्यात, डायलिसिसच्या खोलीत,
कुंदाच्या खुर्चीला खुर्ची लावून.
बाहेर एकेचाळीस, आत असा गारठा
की वैशाखात सगळे शाल गुंडाळून बसलेले.
इथे जाताना वजन, निघताना वजन.
मधले चार तास
बहीण छताकडे बघते,
मी तिच्याकडे बघत नाही असं दाखवतो.

"फिस्सकन काय हसलास? मोठ्यानं वाच."

वाचलं.
घैसासांनी एका गावात अख्ख्या बाजाराला दंड केला,
मग कळलं, खोटं होतं ते सरकारी वजनच.
दंड परत करायची पावती सरकारनं छापलेलीच नव्हती.
म्हणून हा बाबा पदरचे पैसे घालून
दुकानादुकानात किलो किलो साखर देत फिरला,
आणि शेवटच्या दुकानदारानं ती जोखून घेतली.
पाच ग्रॅम कमी भरली.

कुंदा हसली.
अशी हसली की हात हलला, मशीन किंचाळलं,
सिस्टर धावत आली, "काय झालं, काय होतंय?"
"पाच ग्रॅम," एवढंच म्हणता आलं तिला.
पलीकडच्या खुर्चीतून, कॅम्पातले मर्झबान अंकल,
जे एप्रिलभर कुणाशी बोलले नव्हते :
"अरे, ते साखरवाला परत वाच नी."

परत वाचलं.
गुरुवारी पुन्हा वाचलं.
शनिवारी दाराजवळच्या आजोबांनी
मुलाला सांगून खुर्ची आमच्याकडे वळवून घेतली.

या पुस्तकात माझ्याआधी कुणीतरी पेन्सिल घेऊन बसलं होतं.
पानोपानी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले,
एका ठिकाणी समासात, "व्याकरण!!"
पुणेरी हात. ओळखीचा. चीड यावी इतका बरोबर.
फक्त पान एकशे बारावर
'शीक्का' तसाच सुटलेला,
आणि खाली बारीक अक्षरात,
"१४ मे. इथे हसू आलं.
बऱ्याच दिवसांनी."

साल नाही. नाव नाही.
मी बराच वेळ ते पान उलटलं नाही.
कुंदा म्हणाली, "काय रे, चिकटलंय का?"

परत करताना बाईंना विचारलं, कोण असेल.
"वाचकांची नावं आम्ही सांगत नाही,"
आणि पानं फडफडवून तपासू लागल्या.
एकशे बाराशी थांबल्या.
जुन्या ओळीखाली माझी नवी होती :
"आम्हालाही. चार खुर्च्या."

पुस्तकात लिहिल्यास दंड रुपये पाच,
अशी पाटी त्यांच्या डोक्यावरच आहे.
मी नाणं आधीच काढून ठेवलं होतं.
बाईंनी नाण्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं.
"खोडरबर आहे का तुमच्याकडे?"
नाही म्हटलं.
"माझ्याकडेही नाही," म्हणाल्या,
ड्रॉवर न उघडता.

यादी अजून फ्रिजवर आहे.
गलबतं हललेली नाहीत.
बाईंनी घैसास पुन्हा माझ्याच नावावर चढवले,
आणि पंखा, एकला दोन कमी असताना,
चालू ठेवला.