दाराबाहेरची दुसरी

मी अकरा वेळा दुसरीत बसले,
एकदाही आत नाही.
माझं स्टूल दाराबाहेर, पाण्याच्या पिंपाशेजारी,
भवानी पेठेतल्या शाळेत,
जिथे टिंबर मार्केटची करवत सुरू झाली
की तांबोळीबाई थांबतात, खडू तसाच धरून,
आणि फळी कापून झाली
की वाक्य तिथूनच पुढे उचलतात.

मी पहिलीत असताना धाकटा भाऊ झाला.
पाटी गेली, झोळीची दोरी हातात आली.
म्हणून दुसरी मला कानानेच आली:
जूनमध्ये गोष्टी, गणपती उठले की हातचा,
दिवाळीनंतर उसना,
संक्रांतीच्या आसपास घड्याळाचे काटे.
त्या संक्रांतीपर्यंत शाळेची घंटा
मी समोरच्या चहावाल्याला वेळ विचारून देत होते,
हे आता सांगायला हरकत नाही.

"सूर्याकडे तोंड करून उभे राहा," बाई म्हणाल्या.
आत पस्तीस जोडी पाय घसटले.
मी बसल्याजागी वळले.
समोर हडपसर, पाठीशी शनिवारवाडा,
डाव्या हाताला स्टेशन, उजव्या हाताला मार्केट यार्ड.
इतकी वर्षं या शहरात भाजी आणली, मयतीला गेले, रेशनला उभी राहिले,
पण ते माझ्या दोन हातांना लागून आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बावन्न म्हणायचं तर दोन आधी तोंडात येतात,
लिहायचं तर पाच आधी.
पोरं पंचवीस लिहून मोकळी होतात.
बाई रागावत नाहीत, म्हणतात,
बोलताना धाकटा पुढे पळतो, पळू दे,
लिहिताना थोरल्याला आधी बसवायचं.

जोडाक्षरांच्या आठवड्यात मी पिंप भरायला दोनदा विसरले.
अर्धा त, त्याला टेकून य.
मस्टरवर चार वर्षं मी सतभामा होते,
आईनं हाक मारली तशी.
त्या शनिवारी सही केली: सत्यभामा रणपिसे.
क्लार्कनं पानही पाहिलं नाही, उलटलं.
मी मात्र स्टुलावर येऊन
बराच वेळ तळहातावर बोटानं तो अर्धा त काढत बसले.

यंदाचा तो यल्लप्पा.
पाणी प्यायला म्हणून येतो, तीन पेले पितो,
चौथा नुसता धरून उभा राहतो.
"मावशी, हातचा जातो कुठं?"
खिचडीच्या ताटल्या धुऊन उपड्या घातल्या होत्या.
म्हटलं, मोज.
दहा झाल्या की चळत कर, शेजारी सरकव.
उरल्या त्या इथंच.
सरकवली ती चळत म्हणजे हातचा. जात नाही कुठं, शेजारी जाऊन बसतो.
त्यानं पुन्हा मोजल्या. पुन्हा सरकवल्या.
एक ताटली हातातून पडून गरगरत राहिली,
ती थांबेपर्यंत आम्ही दोघंही तिच्याकडेच बघत होतो.

दिवाळी झाली. काल तो परत पिंपापाशी.
"मावशी, बावन्नातून सत्तावीस.
दोनातून सात जात नाहीत म्हणून पाचाकडून उसना आणला."
बरोबर.
"पाचाचे चार झाले."
बरोबर.
"मग परत कधी करायचा?"

आमच्या चाळीत वाटीभर साखर नेली
तर चौथ्या दिवशी वाटी वाजते दारात.
अकरा वर्षं मी कान देऊन ऐकतेय,
त्या पाचाच्या दारात कुणी परत गेलेलं
मला ऐकू आलेलं नाही.
तो चार होतो आणि चारच राहतो,
त्यावर बाई लाल पेनानं बरोबरची खूण करतात.

"बाईंना विचार," मी म्हटलं. "मोठ्यानं विचार."

गेला आत. विचारलं त्यानं, खणखणीत.
वर्ग एकदम गप्प झाला.
बाई म्हणाल्या, "हे बघ, यल्लप्पा,"
आणि करवत सुरू झाली.

मी स्टूल दाराला चिकटवलं.
फळी लांब होती.