पत्ता बदलला आहे

ही सूचना मी तीनदा लिहिली, तीनदा पुसली.
शेवटी एवढंच ठेवलं:
‘पाट’ आता इथे राहत नाही. खाली नवा पत्ता.
खाली म्हणजे, खरं तर,
यावलला कामिल तडवीच्या घरातली मागची खोली,
जिथे ज्वारीच्या कोठीला टेकून
एक जुना संगणक रात्रंदिवस घुमतो
आणि कामिलची आई त्याच्यावर
विरजणाचं पातेलं ठेवते,
ऊब असते म्हणून.

पाट म्हणजे सहाशे ओळी.
रात्री बारा-सव्वाबाराला थ्री फेज आली
की केळीतल्या ठिबकचे व्हॉल्व्ह पाळीपाळीनं उघडायचे,
गेली की ध्यानात ठेवायचं
कोणत्या ओळीची किती तहान उरली.
इतकंच.
सात वर्षं ते आम्ही उघड्यावर ठेवलं
त्या मोठ्या जागी, जिथे सगळं जग ठेवतं.
भाडं नाही, लाइटबिल नाही,
मालक कोण, हे आम्ही विचारलं नाही.

मग एका सोमवारी नादेरचं खातं बंद झालं.
त्याच्या देशाबद्दलच्या कागदावर
कुणीतरी कुठेतरी सही केली होती.
नादेरला आम्ही पाहिलेलं नाही.
त्याच्याकडे केळी नाहीत, डाळिंबं.
पण वीज लागोपाठ तीनदा गेली
की आपला हिशेब एक ओळ विसरतो,
हे त्यानंच शोधलं होतं.
एकशे चाळीस कमिट.
सकाळी त्याच्या नावाच्या जागी
एक करडा गोल.

उज्ज्वला म्हणाली, थांबा.
राग मलाही आलाय, पण बाजार तिकडे आहे.
सावद्याच्या बाजारातून उठून
बांधावर दुकान मांडलंत, तर कोण येईल, पाखरं?
तिचं खोटं नव्हतं.
चारशे तारे मिळाले होते, ते नेता येत नाहीत.
इतिहास येतो, एका आदेशात, निमूट,
पहिल्या दिवसाच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट.
बोलणीही येतात,
पण सगळ्यांच्या तोंडावर एकच नाव लागतं,
सामान हलवणाऱ्याचं.
म्हणून आता नादेरची शंका माझ्या नावावर आहे,
माझं उत्तरही माझ्याच,
आणि शेवटी मी
माझेच आभार मानले आहेत.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हती.
शेतातल्या डब्या.
त्रेचाळीस, फैजपूर ते रावेर,
प्रत्येकीच्या पोटात जुना पत्ता.
दर रविवारी रात्री त्या तिथेच जाऊन विचारणार,
काही नवीन?
मग मी फटफटी काढली.
लॅपटॉप पोटाशी, दातात टॉर्च,
मानेवर केळीची ओली पानं,
डबी उघड, एक ओळ बदल, झाकण लाव, पुढचं शेत.
एका डबीत गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड केलं होतं,
त्यांनाही उठवावं लागलं.

बेचाळीस झाल्या.
त्रेचाळिसावी खिरोद्याजवळ, तोताराम झांबरेंची.
अप्पा बाजेवरून उठलेच नाहीत.
पानी येऊन राह्यलं ना?
येतंय.
मंग कायले हात लावतो रे भो?
मी नादेरचं सांगितलं, सहीचं सांगितलं.
त्यांनी सगळं ऐकलं, हुंकार दिला, पाणी दिलं.
वाईट झालं त्या पोराचं, म्हणाले,
पन माह्या डबीले हात नको लावू.

तेव्हा जुनी जागा आम्ही मोडलेली नाही.
ती सूचना तिथे आहे,
आणि सूचनेखाली दर आठवड्याला आकडा दिसतो,
आलेले: एक.
उज्ज्वला अजून दोन्हीकडे पुश करते.
आम्हाला ते दिसत नाही, असं आम्ही ठरवलंय.

गुरुवारी यावलची वीज गेली.
वीज गेली की काय करायचं, हे सांगणारा कोड
वीज गेली म्हणून चार तास बंद.
कामिलच्या आईचं दही लागलं नाही.
नादेरला नवा पत्ता आम्ही कळवलाय,
तीन वेगवेगळ्या वाटांनी.
त्या चार तासांत
कुणी दार वाजवून गेलं असेल,
तर ते आता
कळायला मार्ग नाही.