आमच्या नावानं

राजकोटच्या पंपवाल्याला कोटेशन धाडलं मंगळवारी.
शुक्रवारी फोन केला तर म्हणाला,
काही आलं नाही मॅडम, ऑर्डर दिली दुसऱ्याला.
आलं होतं.
स्पॅममध्ये, लॉटरी आणि केस उगवायच्या तेलाच्या मधे
पडून होतं आमचं साडेतीन टन ओतकाम.

होनगेकर मालक म्हणाले, पत्ता बरोबर होता की.
मी म्हटलं, पत्ता नाही बघत आता कोण,
पाठवणारा खरा काय, ते बघतात.
त्यांनी कप खाली ठेवला.
उद्यमबागेत चाळीस वर्षं. आम्ही खोटे कसे?

मग त्यांना खाली शॉपवर नेलं.
गेटवर वॉचमनची वही:
आमचा माल कुठल्या गाड्या नेतात, त्यांचे नंबर.
हे एसपीएफ.
हा फ्लँजवरचा हीट नंबर, साच्यातच उठलेला,
कुणी ग्राइंडर मारला तर मारल्याचं दिसतं.
हे डीकेआयएम.
आणि डीमार्क म्हणजे गिऱ्हाइकाकडे ठेवलेली चिठ्ठी:
वहीतही नाही आणि नंबरही जुळत नाही
असा माल आमच्या नावानं आला तर काय करायचं,
आणि कोण आलं होतं ते आम्हाला कळवायचं.
मालक बराच वेळ
तो नंबर अंगठ्यानं चाचपत राहिले.

तेव्हापासून भट्टी पेटायच्या आधी
मी अहवाल उघडते. कंसात कंस, कंसात कंस.
कुठून किती गेली, किती पास, किती नापास.
चिठ्ठीत सध्या एवढंच: अडवू नका, फक्त सांगा.
वॉचमन काचेतून डोकावतो, मॅडम, रोज काय बघूलाय?
आपल्याला, म्हणते मी.

मार्चमध्ये एका रात्री
नकाशावर शोधावा लागला अशा देशातून
आमच्या नावानं चारशे बारा पत्रं गेली.
कोल्हापूरच्या गिऱ्हाइकानं एक दाखवलं:
बँक खातं बदललंय, पैसे इथे भरा.
खाली मालकांचं नाव, आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर,
जे रेशनकार्डावर आजवर जमलं नाही कुणाला.

आमच्या डोमेनमध्ये शहराचं जुनं स्पेलिंग आहे,
बोर्डावर नवं, बिलावर दोन्ही.
मशीनला त्याचं सुखदुःख नाही.
अक्षराला अक्षर जुळतंय काय, विचारतं,
होय की नाही, आणि पुढे जातं.
इथं एवढ्या थंड डोक्यानं
हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला मला आठवत नाही.

चारशे बारानंतर मी चिठ्ठी बदलली:
न जुळणारं दारातूनच परत.
दोन दिवस छान गेले.
तिसऱ्या दिवशी बैलहोंगलच्या ऑफिसातून शिवलीला:
अक्का, आमची बिलं सगळी परत येऊलालीत.

तिचं बिलिंगचं सॉफ्टवेअर वेगळं,
सात वर्षं तिथूनच पाठवतेय, मला कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणजे अहवालानं सांगितलं होतं.
दिवसाला नऊ, नापास, कामाच्या दिवशीच.
रविवारी शून्य. बसव जयंतीला शून्य.
चोर सुट्टी पाळत नाहीत
हे मला सुचायला हवं होतं.

फोनवर तिनं सर्व्हरचा नंबर सांगितला,
ओंदु, एरडु, सोन्ने,
मी लिहीत गेले एक, दोन, शून्य,
आणि शेवटी दोघींनी
आपापल्या भाषेत पुन्हा मोजून बघितलं.
वहीत एक गाडी वाढली.

शनिवारच्या अहवालात नऊ. पास.
मी उगीच दोनदा वाचलं.

राजकोटला नवं कोटेशन धाडलं होतं, त्याला फोन लावला.
पोचलं मॅडम, म्हणाला, अगदी वरच दिसतंय.
पण रेट जरा जास्त वाटतो.