चिमट्याला चेहरा

वितेनिसला कपड्यांच्या चिमट्यासाठी चेहरा हवा होता.
पानेवेझिसचा कारखाना, साठ वर्षं बिननावाचा,
आता म्हणे माल जर्मनीला जाणार.

मी पाकोळी काढली. म्हणाला, शाम्पूची वाटते.
वारा काढला. म्हणाला, वारा आपण विकत नाही.
मग बर्चचं पान, मग दोन बोटं,
मग नुसतं एक अक्षर
आणि निळ्याच्या सत्तावीस छटा.

रविवारी आईकडे गेले.
तिचे चिमटे दोरीवर कमीच:
एक बकव्हीटच्या पिशवीला, एक वीजबिलांना,
एक पडद्याला, जिथं कडी तुटलीय,
आणि एक तिच्याच केसांत, विसरलेला.
कुठल्या कंपनीचे गं हे?
तिनं असं पाहिलं
जसं मी मिठाचं आडनाव विचारलं.

परतीच्या बसमध्ये पुढच्या माणसाच्या शर्टावर,
खांद्यांपाशी, दोन चिमटलेल्या खुणा.
कुणीतरी घाईत वाळत घातलेला,
इस्त्री राहून गेलेली.

सोमवारी पांढऱ्या कागदावर तेवढंच ठेवलं.
दोन खळगे.

वितेनिस बराच वेळ बघत राहिला,
मग स्वतःचा खांदा चाचपला.
निळा जरा गडद करा, म्हणाला.

निळा नव्हताच.